चाळ सुटली तरी जीव चाळीतच का अडकतो? जुन्या दिवसांच्या ओढीबद्दल, सोप्या भाषेत

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून थेट ५०० चौरस फुटांचा फ्लॅट, तोही चाळीस मजली इमारतीत, लिफ्टसकट. या चाळी १९२० च्या दशकात इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या, बीडीडी हे नाव तिथूनच आलं. एका खोलीत अख्खं कुटुंब, संडास मजल्यावर सगळ्यांना मिळून. पुनर्विकास होणार, होणार असं ऐकत माणसं म्हातारी झाली. आणि एकदाच्या चाव्या हातात पडल्यावर सोशल मीडियावर काय सुरू झालं, तर रिकाम्या गॅलरीचे, झिजलेल्या जिन्याचे व्हिडिओ, मागे हळवं गाणं आणि खाली 'ते दिवस आता येणे नाही'.

त्यावर लगेच दुसरी पार्टी, 'एवढं प्रेम असेल तर जा की परत, लावा सकाळी बादली घेऊन लाईन'.

दोन्ही बाजू चिडून बोलतात आणि गंमत म्हणजे दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. ज्या जागेत निम्मं आयुष्य अडचणीत गेलं तिच्यासाठी रडू का यावं, हा प्रश्न दिसतो तेवढा येडचाप नाही. या भावनेला आपण बोलताना नॉस्टॅल्जिया म्हणतो, छापील मराठीत स्मरणरंजन म्हणतात. म्हणजे गेलेल्या काळाची अशी ओढ, जिच्यात गोडवा आणि रुखरुख एकदम असतात. व्याख्या झाली, आता पुढे मी नुसतं 'ओढ' म्हणेन.

आधी हा चक्क आजार होता

नॉस्टॅल्जिया हा प्रकार कुठल्या कवीने शोधलेला नाही, मेडिकलच्या एका विद्यार्थ्याने शोधलाय. योहानेस होफर, वय वर्षं एकोणीस, स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठात १६८८ साली त्याने प्रबंध लिहिला आणि घराच्या आठवणीने माणूस अक्षरशः अंथरूण धरतो असं त्यात मांडलं. त्याने दिलेल्या केसेस वाचण्यासारख्या आहेत. बर्नहून बाझलला शिकायला आलेला एक मुलगा खंगत चाललेला, ताप, धडधड, सगळ्यांनी आशा सोडलेली, शेवटी घरी तरी पाठवू म्हणून तयारी सुरू केली तर त्या तयारीनेच त्याला जरा तरतरी आली आणि घर यायच्या आधी वाटेतच तो सुधारला. दुसरी एक शेतकऱ्याची मुलगी, पडून जखमी झाली म्हणून हॉस्पिटलात ठेवलेली, शुद्धीवर आली तर आजूबाजूला सगळ्या अनोळखी बायका, मग ना अन्न ना औषध, काहीही विचारलं की एकच उत्तर, मला घरी जायचंय. घरी नेली, बरी झाली.

त्या काळी स्विस तरुण युरोपभरच्या राजांच्या फौजांमध्ये पगारी शिपाई म्हणून जायचे आणि हा आजार त्यांच्यात फार असं डॉक्टर लोक म्हणायचे, काही काळ त्याला स्विस आजारच समजत होते. कारणं एकेक भारी. शॉयख्त्सर नावाच्या विद्वानाचं म्हणणं, ही पोरं डोंगरावरच्या विरळ हवेतली, सपाटीवरच्या जड हवेचा दाब त्यांच्या रक्ताला सोसत नाही. आल्प्समध्ये गायी हाकताना म्हणायची एक चाल होती, ती शिपायांसमोर वाजवायला बंदी होती, कारण ऐकली की पोरं रडायची, पळून जायची, मरायचीसुद्धा, असं रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात लिहून ठेवलंय. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५, उत्तरेच्या सैन्यातल्या डॉक्टरांनी या 'रोगा'च्या पाच हजारांवर केसेस नोंदवल्या.

पुढे रोग यादीतून गेला, भावना राहिली, आणि तिचा रोखही बदलला. होफरच्या पेशंटला एक जागा हवी होती. आपल्याला काळ हवा असतो. जागेचं तिकीट काढता येतं, बर्नला जाता येतं, लालबागला तर पासावर जाता येतं. पण १९८४ चं लालबाग कुठल्या स्टेशनवर उतरल्यावर लागणार?

आपल्याकडे मात्र डॉक्टर नाही, कवी

युरोपात हे सतराव्या शतकात औषधाच्या खात्यात गेलं, आपल्याकडे त्याच्या कितीतरी शतकं आधीच कालिदासाने त्यावर हात ठेवलेला होता. 'शाकुंतला'चा पाचवा अंक. दुष्यंत राजा बसलाय, सगळं सुखाचं चाललंय, शकुंतलेला तो शापामुळे साफ विसरलाय, आणि आतून हंसपदिका राणीच्या गाण्याचे सूर येतात. राजा एकदम बेचैन. का, ते त्यालाच कळत नाही. तेव्हा तो जे म्हणतो त्याचा अर्थ साधारण असा, की सुंदर काही पाहून, गोड सूर ऐकून चांगल्या सुखात असलेल्या माणसालाही हुरहुर लागते, ती बहुतेक मनात खोल रुतलेल्या, आधीच्या कुठल्यातरी जन्मातल्या मैत्रांची त्याला नकळत झालेली आठवण असते.

यात मला सगळ्यात भारी काय वाटतं, तर त्याला काय आठवतंय हे त्याला माहीतच नाही. ओढ आहे आणि पत्ता नाही. आपलंही बऱ्याचदा असंच होतं की. चाळ चाळ म्हणून आपण उसासा टाकतो, पण नक्की हवं काय असतं, तो जिना, का ती वयाची पंधरा वर्षं, का हाक मारली की चार दारं उघडायची ती खात्री?

त्याच कालिदासाच्या 'मेघदूता'तला यक्ष रामगिरीवर वर्षभराची शिक्षा भोगत ढगाकडे निरोप देतो, तो रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक असं परंपरा मानते. त्यामुळे घरापासून तुटलेल्या माणसाचं इतकं जुनं काव्य आपल्याच विदर्भातल्या डोंगरावर घडतं असं म्हणायला हरकत नाही. ढगाला रस्ता सांगता सांगता तो आपल्या घराचं वर्णन करतो, दारातलं झाड, बाग, मोर, सगळं. गूगल मॅपला लाजवेल असं.

डोकं इथे करतं काय?

आपली समजूत असते की आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो, काढला, बघितला, परत ठेवला. मेंदू असं काम करत नाही. आठवण दरवेळी नव्याने जुळवली जाते, हाताशी जे तुकडे असतील त्यातून, आणि जुळवताना आजचा मूड, आजची समज, मध्ये कोणाकडून ऐकलेलं, हे सगळं तिच्यात मिसळतं. फ्रेडरिक बार्टलेट या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९३२ सालीच हे दाखवून दिलं होतं. गावच्या मारुतीला कसा दर शनिवारी शेंदूर फासतात, थरावर थर, पन्नास वर्षांनी नाक-डोळे बुजून नुसता गोल, चकचकीत, केशरी आकार उरतो आणि आपण म्हणतो आमचा मारुती पहिल्यापासून असाच, तसं आठवणीचं होतं. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचं शेंदराचं जाड कवच २०२२ साली काढलं तेव्हा आतलं मूळ रूप बघून वर्षानुवर्षांचे भक्तही चकित झाले होते. आठवणीचं कवच काढायची सोय मात्र नाही.

आणि हा शेंदूर सगळीकडे सारखा लागत नाही. मानसशास्त्रात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसलीय, की बहुतेकांच्या बाबतीत वाईट प्रसंगाची बोच लवकर विरते आणि चांगल्या प्रसंगाचा गोडवा जास्त टिकतो. प्रसंग आठवतो, पण त्याचा चटका कमी होतो. संडासची लाईन लक्षात असते, पण त्या लाईनीत पोटात जे व्हायचं ते लक्षात राहत नाही, उलट लाईनीतले विनोद लक्षात राहतात. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी सुट्टीवर जाणाऱ्या लोकांना आधी, चालू असताना आणि नंतर, असं तिन्ही वेळा विचारलं. त्यात कॅलिफोर्नियातली तीन आठवड्यांची सायकल सहलही होती. सहल चालू असताना पाऊस, दमणं, कुरकुर, आणि घरी आल्यावर थोड्याच दिवसांत तीच सहल एकदम झकास. आपली गोव्याची ट्रिप आठवा, भांडणं कोणाची झाली, बिल कोणी भरलं नाही, हे सगळं तेव्हा केवढं वाटलं होतं आणि आता त्याचेच किस्से रंगवून सांगतो.

दुसरी गंमत वयाची. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या कुठल्याही आठवणी सांगायला सांगितलं की त्या सगळीकडून सारख्या येत नाहीत. अगदी अलीकडच्या सोडल्या तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा मोठा ढीग निघतो. १९८६ मध्ये डेव्हिड रुबिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांचे आकडे एकत्र मांडले तेव्हा हा उंचवटा ठळक दिसला. कारण उघड आहे, पहिलं कॉलेज, पहिली नोकरी, पहिलं प्रेम, पहिला पगार, सगळं 'पहिलं' त्याच वयात होतं आणि मी कोण हेही तेव्हाच ठरतं. म्हणून खरी गाणी कोणती तर आपल्या विशीतली, खरी क्रिकेट टीम कोणती तर आपण बारावीत असतानाची. तुमचे वडील त्यांच्या वडिलांकडून हेच ऐकून घेत होते आणि तुमची पोरगी पंचवीस वर्षांनी आजच्या रील्सबद्दल डोळ्यात पाणी आणून बोलेल, हे आत्ताच लिहून ठेवा.

वासाचं अजून वेगळं. बाकी ज्ञानेंद्रियांची माहिती मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या एका जंक्शनवरून पुढे जाते, वास मात्र त्या जंक्शनला वळसा घालून थेट भावना आणि स्मृतीच्या भागाकडे पोचतो. त्यामुळे रॉकेलचा भपका आला की अख्खं स्वयंपाकघर उभं राहतं, स्टोव्ह, पिन, आईची चिडचिड, सगळं, विचार करायच्या आधीच.

मन खट्टू असलं की जास्त आठवतं

लोकांना वाटतं जुन्या आठवणी काढून माणूस उदास होतो. बऱ्याचदा गाडी उलट्या दिशेने असते, माणूस आधीच उदास असतो म्हणून जुन्या आठवणी काढतो. इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठातल्या मंडळींनी २००६ साली लोकांना विचारून बघितलं की असं जुनं जुनं कधी आठवतं, तर सगळ्यात जास्त उत्तरं आली ती वाईट मूडची, त्यातही एकटेपणाची. आणि आठवणीत असायचं काय, तर जवळची माणसं. आठवण काढून झाल्यावर लोकांना आपलं कोणीतरी आहे असं जास्त वाटायचं. चीनमधल्या एका अभ्यासात (२०१२) तर असं दिसलं की थंडीच्या दिवसांत माणसं जास्त जुन्यात रमतात आणि रमल्यावर त्यांना थोडं उबदारही वाटतं. म्हणजे ही एक प्रकारची घरगुती दुरुस्ती आहे, मन स्वतःची स्वतः करतं.

आपल्याकडचा मोठा पुरावा म्हणजे लॉकडाऊन. २४ मार्च २०२० ला घोषणा झाली, आणि २८ तारखेपासून दूरदर्शनने १९८७ सालचं 'रामायण' परत लावलं. हातात शंभर ॲप, हजार सिरीज, आणि अख्खा देश बघतोय काय, तर तेच जुने सेट, तेच हळू चालणारे बाण. उद्याचं काहीच माहीत नव्हतं, म्हणून शेवट माहीत असलेली गोष्ट बरी वाटत होती.

'म्हणजे हे सगळं मनाचे खेळ?'

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. शेंदूर, उंचवटा, मूड हे सगळं खरं असलं तरी चाळीत काही होतं ते होतंच ना? होतंच. गिरणगाव ही काही कल्पनेतली जागा नाही. कोकणातून, घाटावरून आलेली माणसं, एका खोलीत पाळ्या लावून झोपणारी, तीन पाळ्यांमध्ये गिरणी चालायची तशी खोलीही तीन पाळ्यांत चालायची. घरची माणसं गावाला, मग जेवण खानावळीत, त्या खानावळी चालवायच्या बायका. गावानुसार मंडळं, भजनी मंडळ, व्यायामशाळा, दशावतार, शाहिरी, गणपती. ही व्यवस्था गरजेतून उभी राहिली होती. पगार पुरत नाही, दवाखाना दूर, पोलिसाची भीती, मग शेजारी धरून राहण्यावाचून इलाज नव्हता. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि तो संप असा चिघळला की अनेक गिरण्या पुन्हा धड सुरूच झाल्या नाहीत. नंतर त्याच जमिनींवर मॉल आणि काचेची ऑफिसं आली. तेव्हा गिरणगावातल्या माणसाची ओढ ही काही नुसती म्हातारपणाची लक्षणं नाहीत, त्याचं जग खरंच त्याच्या डोळ्यांदेखत पाडलं गेलंय.

इमारतीची रचनाही बघा. चाळीत प्रत्येक दार गॅलरीत उघडतं, म्हणजे घरातून बाहेर पडलं की वाटेत चार दारं लागणारच, मधल्या खोलीत काय शिजतंय, कोण आजारी, कोणाचं जमलं, सगळं न विचारता कळतं. टॉवरमध्ये लिफ्टच्या लॉबीत चार बंद दारं आणि वर कॅमेरा. माणसं बदलली असं आपण म्हणतो, पण माणसं तीच आहेत, एकमेकांना दिसायची जागा गेली. हे नुसतं हळवं बोलणं नाही, घरबांधणीचा मुद्दा आहे, आणि पुनर्विकासाच्या नकाशात तो कोणी काढत नाही कारण गॅलरीचे चौरस फूट विकता येत नाहीत.

पण बालपण नक्की कोणाचं?

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची.

माझे मामा लालबागच्या चाळीत वाढले, आता तिथेच पुनर्विकासातल्या इमारतीत बाराव्या मजल्यावर राहतात. चाळीचा विषय निघाला की मामांचा आवाज बदलतो. 'भाच्या, तुला नाही कळणार, दिवाळीत दाराला कडी म्हणून नसायची.' मग नवरात्र, मग पत्त्यांचे डाव, मग गॅलरीत ओळीने झोपणं, आणि वर आकाश. मामी समोर भाजी निवडत बसलेल्या असतात. एकदा मी मुद्दाम विचारलं, मामी तुम्हाला नाही का आठवत? त्या मान वर न करता म्हणाल्या, 'आठवतं की. पहाटे चारला पाणी यायचं. चाळीस मिनिटं. हंडा, कळशी, पिंप, मग मोरीतला ड्रम. पावसाळ्यात गॅलरी ओली, घसरून दोनदा पडले. हे गॅलरीत झोपायचे ना, त्यांना उठवायला लागू नये म्हणून मी कडेकडेने जायची.'

मामा गप्प. मग म्हणाले, पण मजा होती. मामी म्हणाल्या, होती की, तुम्हाला.

मी पुढे काही लिहायची गरज नाही खरं तर, पण मराठीत हे फार आधी आणि फार चांगलं लिहून झालंय. बहिणाबाई चौधरी, जळगावजवळच्या असोद्याच्या, लिहिता-वाचता न येणारी बाई. सासरी कष्टणाऱ्या बायकांची माहेरची ओढ हा आपल्या लोकगीतांचा केवढा मोठा विषय. हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यात जागोजागी माहेर आहे, भाऊ आहे, आई आहे. बहिणाबाईंच्या कवितेत एक योगी विचारतो की माहेर एवढं गोड तर सासरी नांदतेस कशाला, आणि ती सांगते, 'लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते.' एका ओळीत अख्खा हिशोब. लेकीला ज्या घराची ओढ लागते ते घर कोणाच्या तरी सासरातूनच उभं राहिलेलं असतं. आपल्या आठवणीत गरम भाकरी असते, भाजणारीच्या आठवणीत धूर असतो.

आणि बाई म्हणूनच नव्हे, जात म्हणूनही. 'गाव किती छान होतं, सगळे गुण्यागोविंदाने राहायचे, बारा बलुतेदार' हे वाक्य म्हणायच्या आधी दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) वाचावं, बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं' वाचावं. तेच गाव, तोच काळ, पण वेशीबाहेरून बघितलेला. तिथे भूक आहे, अपमान आहे. आणि तरी या पुस्तकांतही आनंदाचे प्रसंग आहेत, माणसं आहेत, त्यांच्यावरचा जीव आहे. म्हणजे भूतकाळावर प्रेम करायला त्याला गोड बनवावं लागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घ्या, वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घरादाराची काय दैना व्हायची हे त्या असं सांगतात की हसूही येतं आणि अंगावर काटाही येतो. नव्वद वर्षं झाली, पुस्तक अजून ताजं आहे, कारण शेंदूर नाही.

ते 'लहानपण देगा देवा'चं काय?

हे राहवत नाही म्हणून. शाळेच्या गेट-टुगेदरच्या प्रत्येक बॅनरवर ही तुकोबांची ओळ असते, वर पतंग आणि गोट्यांचं चित्र. पण अभंग पुढे वाचा की, मुंगी साखरेचा रवा, ऐरावत रत्न थोर त्याला अंकुशाचा मार, महापुरात झाडं जातात आणि लव्हाळी वाचतात. तुकोबा लहान होऊन राहा, नम्र राहा असं सांगतायत, शाळेची सुट्टी परत दे असं देवाकडे मागत नाहीयेत. आपल्याला बालपण एवढं हवंय की आपण संतांनाही आपल्या बॅचमध्ये घातलं.

'चुलीवरचं' आणि 'पुन्हा'

ओढ आहे म्हटल्यावर तिचा धंदा होणारच. हायवेला लागा, चुलीवरचं मटण, चुलीवरची मिसळ, आता तर चुलीवरचा चहा. एसी हॉटेलात कंदील, भिंतीला सूप अन् उखळ, पितळी ताटात दोनशे ऐंशी रुपयांचं पिठलं. त्यात वाईट काही नाही, मीही खातो. फक्त चूल बायकांच्या फुफ्फुसांची काय वाट लावते म्हणून सरकारने २०१६ पासून गावोगाव गॅस जोडण्या द्यायची योजना काढली, आणि इकडे शहरातला माणूस रांग लावून धुराचे पैसे देतोय, हे चित्र जरा मजेशीर आहे एवढंच.

मिसळीपर्यंत ठीक, मामला राजकारणात गेला की जड होतो. ट्रम्पच्या घोषणेत अमेरिकेला महान बनवायचं आहेच, पण सगळी जादू त्यातल्या 'पुन्हा'मध्ये आहे. पुन्हा म्हणजे नक्की कुठल्या साली होती? ते सांगायचं नसतं. जो तो आपापल्या विशीतलं साल त्यात भरतो. रेगनने १९८० च्या निवडणुकीत जवळपास हीच घोषणा वापरली होती, म्हणजे तेव्हाही ते आधीच होऊन गेलेलं होतं. रेमंड विल्यम्स या समीक्षकाने १९७३ मध्ये इंग्रजी साहित्यात हेच तपासलं होतं, खरं सुखी खेडं कधी होतं? आत्ताचा लेखक म्हणतो माझ्या लहानपणापर्यंत होतं, त्याच्या लहानपणचा लेखक म्हणतो माझ्या लहानपणापर्यंत, असं मागे मागे जात थेट नंदनवनापर्यंत पोचतो माणूस. आपल्याकडे तर सोयच आहे, सत्ययुग आधीच झालं आणि आपण कायम कलियुगात.

स्वेतलाना बॉइम ही लेनिनग्राडमध्ये वाढलेली अभ्यासक अमेरिकेत शिकवायची, तिने २००१ च्या पुस्तकात या ओढीचे दोन प्रकार केले ते मला फार उपयोगी वाटतात. एकाला पाडलेलं घर जसंच्या तसं परत बांधायचं असतं, तो स्वतःला हळवा म्हणत नाही, मी खरा इतिहास सांगतोय म्हणतो, आणि घर कोणी पाडलं तो शत्रू शोधत बसतो. दुसरा पडक्या भिंतीपाशी रेंगाळतो, उसासा टाकतो, स्वतःवर थोडं हसतो, आणि घरी जातो. माझे मामा दुसऱ्या प्रकारात, देवाची कृपा.

'मग काय, संस्कृतीच विसरायची?'

हा आक्षेप कमेंटमध्ये येणारच म्हणून आधीच. नाही हो. उलट मला वाटतं आपण जुनं पुरेसं आठवतच नाही, त्याची जाहिरात तेवढी आठवतो. आजोबांच्या वाड्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकून बदामाचे इमोजी येतात, पण त्या वाड्यात पाणी कोण भरायचं, विधवा आत्या कुठल्या खोलीत असायची, कामाला कोण यायचं आणि तिला चहा कुठल्या कपात मिळायचा, हे कोणी विचारत नाही. हे विचारलं म्हणून वाड्यावरचं प्रेम कमी होतं असा माझा तरी अनुभव नाही.

आणि ओढ लागली की तिच्याकडे जरा तिरकं बघावं, मला आज काय कमी पडतंय म्हणून हे आठवतंय? माणसं कमी पडत असतील तर फोन करता येतो. मोकळा वेळ कमी पडत असेल तर तो प्रश्न आजच्या ऑफिसचा आहे, १९८४ चा नाही. टॉवरमधल्या लॉबीत चार खुर्च्या टाकू द्या एवढी साधी मागणी सोसायटीच्या मीटिंगमध्ये करता येते, मामांनी केली, फायर सेफ्टीचं कारण देऊन कमिटीने नाकारली, परत करणार आहेत.

घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर 'जुन्या आठवणी सांगा' असं विचारू नका, तसं विचारलं की सगळे तेच चार घासून पुसून ठेवलेले किस्से सांगतात. बारीक विचारा. भाडं किती होतं, पाणी किती वाजता यायचं, बाळंतपण कुठे झालं, भांडण कशावरून व्हायचं, संपाच्या वर्षी घरात काय शिजायचं, काय विकलं, उसने कोणाकडून आणले, ते फेडले का. १९८२ च्या संपात घर चालवलेल्या बायका आता सत्तरीच्या पुढे आहेत, हे डोक्यात असू द्या. मामींना असं विचारलं की त्या आधी म्हणतात, 'मला मेलीला काय आठवतंय', आणि मग पुढ्यातला चहा गार झाला तरी थांबत नाहीत.